फुफ्फुसातला व्हॉल्व्ह: बसवायचा की नाही हे ठरवण्याआधी हवा कुठे अडकलीय ते मोजा

डोंबिवलीहून एका मुलीने वडिलांबद्दल विचारलं आहे. वय ६९. तरुणपणी लालबागच्या गिरणीत, १९८२ च्या संपानंतर छापखान्यात. आधी बिडी, मग सिगारेट, अशी तीस-पस्तीस वर्षं. आता ‘दिवसाला फक्त दोन’. सीओपीडीचं (श्वासनळ्या आणि फुफ्फुसं कायमची खराब करणाऱ्या दम्यासारख्या जुनाट आजाराचं) निदान जुनं आहे. एफईव्ही-वन, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर येणारी हवा, अपेक्षेच्या ३१ टक्के. दोन पंप, नेब्युलायझर आणि रात्री ऑक्सिजनचं मशीन चालू आहे. आंघोळ करून आले की दहा मिनिटं कॉटवर बसून राहावं लागतं. एका रुग्णालयात सीटी स्कॅन बघून सांगितलं, “फुफ्फुसात व्हॉल्व्ह बसवून टाकू, दम कमी होईल.” खर्चाचा आकडा ऐकल्यापासून घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो गावची जमीन काढू पण करू, आई म्हणते या वयात कापाकापी नको. मुलीला विचारायचंय ते असं: हे ऑपरेशन आहे का, फरक खरंच पडतो का, धोका किती, ऑक्सिजन सुटेल का आणि करावं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून मी ‘करा’ म्हणू शकत नाही आणि ‘नको’ही म्हणू शकत नाही. ज्या गोष्टींवर हा निर्णय ठरतो, त्यातली एकही या कागदांत मोजलेली नाही. ३१ टक्क्यांवरून आजार गंभीर आहे एवढंच कळतं. व्हॉल्व्ह लागू पडेल का, ते त्यावरून अजिबात कळत नाही. ३१ टक्केवाले दोन पेशंट शेजारी बसवले तर एकाला याचा चांगला उपयोग होईल आणि दुसऱ्याला नुसता खर्च आणि धोका पदरात पडेल, असं अगदी शक्य आहे. एक गोष्ट मात्र आजच सांगता येते: त्या दोन सिगारेटी चालू असताना कोणतंही जबाबदार केंद्र पुढे जाणार नाही.

आईंना सांगा, कापाकापी नाही. पेशंटला भूल देऊन तोंडावाटे दुर्बीण आत घालतात, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपी, आणि तिच्यातूनच व्हॉल्व्ह बसवतात. टाका नाही, छाती उघडणं नाही. साधारण तासाभराचं काम. पण टाका नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ भावाने काढू नये. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. आणि हो, हा हृदयाचा व्हॉल्व्ह नव्हे. ओपीडीत निम्मे नातेवाईक आधी ईसीजीचा कागद पुढे करतात, म्हणून सांगितलं.

आता वडिलांना नेमकं काय होतंय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. तुम्ही स्वतः करून बघा, वडिलांना करायला लावू नका. छाती पूर्ण भरेल एवढा श्वास घ्या. आता त्यातला घोटभरच सोडा आणि लगेच पुन्हा आत घ्या. पुन्हा घोटभर सोडा, पुन्हा घ्या. पाच-सहा वेळा असं केलंत की मान ताठ होते, खांदे वर चढतात आणि छाती हवेने गच्च भरलेली असूनही हवा पुरत नाही असं वाटतं. तुमच्या वडिलांचा दिवस असाच जातो. सीओपीडीत फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे विरून जातात, त्याला एम्फिसीमा म्हणतात. त्यात फुफ्फुसाचा ताण निघून जातो, श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात आणि शिळी हवा आतच राहते. फुफ्फुसं फुगून बसतात, त्यांच्या खालचं श्वासपटल दाबलं जाऊन सपाट होतं. सपाट झालेल्या स्नायूला खाली सरकायला जागाच उरत नाही, मग श्वासाचा भार मान आणि खांद्यांवर येतो. आंघोळीनंतर दम का लागतो, तेही यातच आलं. डोक्यावर तांब्या ओतायला हात वर गेले की श्वासाला मदत करणारे तेच स्नायू दुसऱ्या कामाला जुंपले जातात. (तोवर एक करा: स्टुलावर बसून आंघोळ, बादली मांडीच्या उंचीवर, आणि अंग पुसण्याऐवजी मोठा पंचा किंवा गाऊन अंगावर घेऊन बसायचं. मशीन चालू ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर नळी नाकात ठेवूनच.)

व्हॉल्व्ह हा या अडकलेल्या हवेवरचा उपाय आहे. सीओपीडी त्याने बरा होत नाही आणि पंपही सुटत नाहीत. फुफ्फुसाचे भाग असतात, आम्ही त्यांना लोब म्हणतो. उजवीकडे तीन, डावीकडे दोन. त्यातला सगळ्यात खराब झालेला, नुसता फुगून जागा अडवणारा एक लोब निवडायचा आणि त्याच्याकडे जाणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशी व्हॉल्व्ह बसवायचे. निकेल-टायटॅनियमची छोटी जाळी आणि तिच्यात एकाच दिशेने उघडणारी सिलिकॉनची झडप. श्वास सोडताना आतली हवा आणि कफ बाहेर येतो, श्वास घेताना नवी हवा आत जात नाही. लोब रिकामा होऊन आक्रसतो. त्याने अडवलेली जागा शेजारच्या बऱ्या लोबला मिळते, श्वासपटल पुन्हा वर येऊन थोडं गोलाकार होतं. एका लोबसाठी साधारण तीन ते पाच व्हॉल्व्ह लागतात. “एवढं फुफ्फुस बंद केल्यावर श्वास वाढेल कसा?” हा प्रश्न सगळे विचारतात आणि तो रास्त आहे. बंद केलेला भाग श्वासाचं काम करतच नव्हता, हे सीटीवर आणि रक्तप्रवाहाच्या स्कॅनवर आधी दाखवून द्यावं लागतं. ते दिसत नसेल तर तो लोब बंद करू नये.

खरी मेख पुढे आहे. दोन लोबांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो, फिशर म्हणतात त्याला. पुस्तकात तो सलग दिसतो, माणसांत बऱ्याचदा नसतो. जुन्या चाळींत दोन खोल्यांमधली लाकडी फळी आढ्यापर्यंत गेलेली नसायची. शेजारी फोडणी पडली की इकडे ठसका लागायचा, दार कितीही घट्ट लावा. अर्धवट फिशरचं तसंच आहे. पुढच्या नळीला व्हॉल्व्ह लावला तरी शेजारच्या लोबमधून मागच्या मागे हवा येत राहते, लोब आक्रसतच नाही आणि पैसे पाण्यात.

हे कळायलाही वेळ लागला. २०१० साली व्हॉल्व्हचा पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा सरासरी फायदा इतका किरकोळ होता की बऱ्याच छातीच्या डॉक्टरांनी हा विषय मनातून काढून टाकला. नंतर त्याच आकड्यांत शोधलं तेव्हा दिसलं, की ज्यांचं फिशर पूर्ण होतं आणि व्हॉल्व्ह नीट बसले होते त्यांना बऱ्यापैकी फायदा झाला होता. बाकीच्यांनी सरासरी खाली ओढली होती. मग नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या चमूने मागच्या वाटेने हवा येत नाही याची खात्री करूनच पेशंट घेतले. त्यांचा अभ्यास २०१५ साली आला आणि चित्र पालटलं. २०१८ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामकाने, आधी झेफर आणि मग स्पायरेशन या दोन्ही व्हॉल्व्हना मान्यता दिली. म्हणून ‘व्हॉल्व्हने फरक पडतो का’ हा प्रश्न अर्धा आहे. कोणाला, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

ज्यांना लागू पडतो त्यांना किती पडतो? लिबरेट नावाच्या अभ्यासाचे आकडे मी पेशंटना सांगते, कारण त्यात गोड आणि कडू दोन्ही स्पष्ट आहे. १९० जण होते, सगळे पारखून घेतलेले, म्हणजे शेजारच्या लोबमधून मागच्या वाटेने हवा न येणारे आणि सिगारेट सोडलेले. १२८ जणांना व्हॉल्व्ह बसवले, ६२ जणांना नेहमीचे उत्तम उपचार दिले. वर्षाने बघितलं तेव्हा एफईव्ही-वन १५ टक्के किंवा जास्त सुधारलेले लोक व्हॉल्व्हच्या गटात ४७.७ टक्के होते, दुसऱ्या गटात १६.८ टक्के. सहा मिनिटांत चालण्याच्या अंतरात दोन गटांमधला फरक सरासरी ३९ मीटर. हे ऐकून काही नातेवाइकांचा चेहरा पडतो. पण ज्या माणसाला पलंगापासून संडासापर्यंत जायला मध्ये थांबावं लागतं, त्याला ३९ मीटर म्हणजे कोणाच्या आधाराशिवाय खाली वाण्याकडे जाऊन येणं. उलट बाजूही बघा. इतकं पारखून घेतल्यावरही निम्म्याहून जास्त लोकांचा एफईव्ही-वन तेवढा सुधारला नाही. त्यातल्या काहींना चालण्यात, झोपण्यात बरं वाटलं असेल, पण ‘नक्की फरक पडणार’ असं कोणी छातीठोक सांगत असेल तर सावध व्हा. व्हॉल्व्हने आयुष्य वाढतं, हे अशा तुलनात्मक चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. फायदा श्वासाचा आहे आणि तोही मूळ आजार पुढे सरकतो तसा हळूहळू ओसरू शकतो.

आता धोका. त्याच अभ्यासात व्हॉल्व्ह बसवलेल्यांपैकी २६.६ टक्के लोकांना पहिल्या दीड महिन्यात न्यूमोथोरॅक्स झाला, म्हणजे फुफ्फुस फाटून हवा छातीच्या पोकळीत शिरली. दर चौघांत एक, असंच धरा. त्या काळात व्हॉल्व्हच्या गटातले चार जण दगावले, दुसऱ्या गटातलं कोणी नाही. हे चार मी कधी वगळत नाही. ज्या मुलाला बापासाठी जमीन विकायची आहे, त्याच्या कानावर ते आधीच पडायला हवं.

गंमत म्हणजे न्यूमोथोरॅक्स बऱ्याचदा व्हॉल्व्ह चांगला चालला म्हणूनच होतो. निवडलेला लोब झपाट्याने आक्रसतो, शेजारचा लोब ती जागा भरायला एकदम फुलतो आणि आधीच विरलेल्या एम्फिसीमाच्या फुफ्फुसाला तो ताण सोसत नाही. कुठेतरी फाटतं, हवा फुफ्फुसाबाहेर छातीच्या पोकळीत भरते आणि माणूस अचानक घुसमटतो. धडधाकट माणसाला हे झालं तर तो चालत दवाखान्यात येतो. एफईव्ही-वन ३१ टक्के असलेल्याकडे तेवढी शिल्लक नसते, त्याच्यासाठी मिनिटं मोजावी लागतात. उपाय ठरलेला आहे: बरगड्यांमधून नळी घालायची आणि ती पाण्याच्या बाटलीला जोडायची. खाटेखालच्या बाटलीत बुडबुडे येत राहतात तोवर गळती चालू आहे असं समजायचं. काहींचे बुडबुडे दोन दिवसांत थांबतात, काहींचे थांबत नाहीत. मग एखादा व्हॉल्व्ह काढून लोबला थोडं फुलू द्यावं लागतं आणि काही आठवड्यांनी पुन्हा बसवता येतो. व्हॉल्व्ह काढता येतो, ही या उपायाची मोठी जमेची बाजू.

बहुतेक न्यूमोथोरॅक्स पहिल्या तीन दिवसांत होतात. म्हणून व्हॉल्व्ह बसवल्यावर पेशंटला निदान तीन रात्री रुग्णालयात ठेवायचं, रोज एक्स-रे काढायचा आणि वॉर्डात रात्री दोन वाजताही नळी घालू शकेल असा डॉक्टर हजर पाहिजे. “सकाळी करून संध्याकाळी घरी सोडू” असं सांगणाऱ्या ठिकाणी मी माझ्या घरचं माणूस नेणार नाही. कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न हाच विचारा: रात्री छातीत नळी घालायची वेळ आली तर इथे कोण असतं?

बाकीचे धोके थोडक्यात: त्या भागात किंवा शेजारी न्यूमोनिया, सीओपीडीचा झटका, थुंकीतून रक्त, व्हॉल्व्ह जागेवरून सरकणं (क्वचित खोकल्यातून बाहेरही येतो), काही महिन्यांनी तोंडाशी मांस वाढून झडप नीट न मिटणं. आधी आलेला आराम नंतर अचानक गेला तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नका. सीटी काढून व्हॉल्व्ह जागेवर आहेत का ते बघायला सांगा, कधी कधी एक बदलला की काम होतं.

तपासण्यांमध्ये सगळ्यात महत्त्वाची एक तुमच्या फायलीत नाही. फुंकर मारायची स्पायरोमेट्री आहे, पण ती बाहेर आलेली हवा मोजते. श्वास पूर्ण सोडल्यावर आत किती राहिली, ते तिला कळत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. त्यासाठी काचेच्या बंद केबिनमध्ये बसवून बॉडी प्लेथिस्मोग्राफी करतात. ही मुंबईत सगळीकडे नाही, मोजक्या ठिकाणी आहे. फोन करून विचारूनच जा. तिच्यातला आरव्ही नावाचा आकडा, म्हणजे आत राहिलेली हीच हवा, बघायचा. तो अपेक्षेच्या १७५ टक्क्यांच्या वर असेल तर व्हॉल्व्हचा विचार, कमी असेल तर दम हवा अडकल्यामुळे नाही असं समजून दुसरं कारण शोधायचं: हृदय, रक्त कमी असणं, वजन, स्नायू. पूर्ण फुफ्फुसात सारखाच एम्फिसीमा पसरलेला असेल तर बरीच केंद्रं आरव्ही २०० च्या वर मागतात.

दुसरी तपासणी पातळ कापांचा सीटी. ‘सीटी झालाय’ म्हणून चालत नाही. साध्या जाड कापांवर फिशर दिसत नाही. पातळ कापांचा डेटा संगणकावर टाकून प्रत्येक लोब किती खराब आहे आणि फिशर किती टक्के पूर्ण आहे ते काढतात. ९५ टक्क्यांच्या वर असेल तर बरं, ८० च्या खाली असेल तर बहुतेक तिथेच थांबायचं, आणि मधल्यांसाठी तिसरी पायरी. ती व्हॉल्व्हच्या दिवशीच होते. दुर्बिणीतून बारीक फुगा नेऊन त्या लोबचं तोंड काही मिनिटं बंद करतात आणि फुग्याच्या मधल्या छिद्रातून बाहेर येणारी हवा पडद्यावर बघतात. प्रवाह कमी होत होत शून्यावर आला तर मागची वाट बंद आहे. येतच राहिला तर वाट उघडी आहे, आणि व्हॉल्व्ह न बसवता दुर्बीण बाहेर काढायची. मी नातेवाइकांना हे आधी सांगून ठेवते, कारण भूल देऊन आत नेलेला पेशंट काहीच न करता बाहेर आला की घरच्यांना फसवल्यासारखं वाटतं. खरं तर त्यांचे पैसे आणि पेशंटचा जीव, दोन्ही वाचलेलं असतं. व्हॉल्व्हचं पाकीट फोडायच्या आधी ही तपासणी होणार का आणि न बसवल्यास बिल किती, हे लिहून घ्या.

आपल्याकडचा एक गुंता परदेशी निकषांत फारसा दिसत नाही. मुंबईत साठीच्या पुढच्या कित्येकांना कधीतरी टीबी होऊन गेलेला असतो, काहींना माहीतही नसतं. टीबीने वरचा लोब आक्रसून, चरे पडून, छातीला चिकटून बसलेला असतो आणि फायलीवर मात्र नुसतं ‘सीओपीडी’ लिहिलेलं असतं. असा लोब आधीच आक्रसलेला, त्याला व्हॉल्व्ह लावून काय साधणार? शिवाय चिकटलेल्या जागी फाटण्याची भीती. रोज वाटीभर पिवळा कफ पडत असेल, म्हणजे श्वासनळ्याच रुंदावल्या असतील, तर त्यांनाही व्हॉल्व्ह नको. वडिलांना लालबागच्या दिवसांत कधी ‘छातीची लांबलचक औषधं’ दिली होती का, आईंना विचारा. बहुतेक त्यांनाच आठवेल. सीटीत एखादी गाठ दिसली तर आधी तिचा छडा लावायचा. इतकी वर्षं धूर ओढलेल्या माणसात कॅन्सरची शंका फेटाळल्याशिवाय पुढे जात नाहीत.

शिवाय रक्तातल्या वायूंची तपासणी आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. कार्बन डायऑक्साइड ५० च्या वर साचत असेल तर धोका वाढतो. ६० च्या पुढे बहुतेक केंद्रं नाही म्हणतात, तिथे रात्रीच्या बायपॅपचा, म्हणजे मास्कमधून दाबाने श्वास देणाऱ्या मशीनचा, विचार आधी करायचा. इकोत फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब फार वाढलेला असेल तरीही नको. चालण्याची चाचणीही लागते. सहा मिनिटांत १०० मीटरही होत नसेल तर शरीर हे सोसणार नाही. ५०० च्या वर होत असेल तर मुळात गरज नाही.

सिगारेटीबद्दल. मोठ्या अभ्यासांत निदान चार महिने पूर्ण बंद असलेलेच लोक घेतले होते, आणि तोंडी कबुलीवर कोणी विसंबत नाही, तपासणी होते. घरात मशेरी किंवा तंबाखू असेल तर तेही सांगा, कारण निकोटिनची चाचणी धूर आणि चूर्ण यांत फरक करत नाही. ‘फक्त दोन’ म्हणणाऱ्या माणसाला रागावून काही साधत नाही. सोडवायच्या गोळ्या आणि निकोटिनचा च्युइंगगम मिळतो, डॉक्टरांना मोकळेपणाने सांगून सुरू करा. आणि रात्री ऑक्सिजन चालू असताना खोलीत काडी ओढणं म्हणजे जिवाशी खेळ. भाजून आलेले चेहरे मी पाहिलेत. देवासमोरची समईसुद्धा त्या खोलीत नको.

चार महिने नुसते वाट बघण्यात घालवू नका. या काळात पल्मनरी रिहॅबिलिटेशन करा: आठवड्यातून दोन-तीनदा, सहा ते आठ आठवडे, देखरेखीखाली पायांचा आणि हातांचा व्यायाम, श्वासाचं तंत्र, आहार. लिबरेटसारख्या अभ्यासांत ही पायरी आधी आहे, आणि आपल्याकडे नेमकी हीच गाळली जाते, कारण तिच्यात कोणाचं मोठं बिल होत नाही. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत. तिथे छातीच्या व्यायामाबद्दल विचारा. डोंबिवलीहून लोकलने परळ-शीवला येणं वडिलांना झेपणार नसेल तर घराजवळच्या फिजिओथेरपिस्टला छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी देऊन घरी बोलवा, बोटाला ऑक्सिमीटर लावून. काही पेशंट या दोन महिन्यांतच इतके सावरतात की व्हॉल्व्हचा विषय स्वतःच बाजूला ठेवतात.

पंप कसा घेतात, तेही कोणाला तरी समोर बसवून दाखवा. कॅप्सूलच्या पंपाला जोरात ओढावं लागतं आणि तेवढा जोर या अवस्थेत बऱ्याच जणांकडे उरलेला नसतो. पावडर घशातच बसते. स्पेसर लावून गॅसचा पंप दिला की तेच औषध नीट पोचतं. फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लशी राहिल्या असतील तर घेऊन टाका.

ऑक्सिजन सुटेल का? काहींचा कमी होतो, पण ते धरून चालू नका. विश्रांतीत ऑक्सिजन ८८ टक्के किंवा खाली राहत असेल तर दिवसातून निदान १५ तास मशीन लागतं, नुसतं रात्री पुरत नाही. तुमच्या वडिलांचा दिवसाचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही, तो बघा.

व्हॉल्व्ह बसवायचं ठरलंच तर डोंबिवलीचं घर हा एक प्रश्न आहे. घरी सोडल्यावरही पहिले काही आठवडे न्यूमोथोरॅक्सची टांगती तलवार असते. अचानक छातीत कळ आली, दम एकदम वाढला, तर तासाभराच्या आत छातीत नळी घालता येईल अशा ठिकाणी पोचायला हवं, आणि संध्याकाळी शीळफाट्याला किंवा ठाण्याच्या पुढे रुग्णवाहिका अडकली की तास कुठे जातो कळत नाही. दादर-परळकडे कोणी नातेवाईक असतील तर दोन-चार आठवडे तिथे राहा. नसतील तर घराजवळचं चोवीस तास एक्स-रे आणि सर्जन असलेलं रुग्णालय आधीच हेरून ठेवा आणि तिथल्या डॉक्टरांना कागद दाखवून ठेवा. कोणत्या लोबमध्ये किती व्हॉल्व्ह आहेत, याचं कार्ड वडिलांच्या खिशात कायम असू द्या. एक्स-रेवर आक्रसलेला लोब बघून अनोळखी डॉक्टर त्याला न्यूमोनिया समजू शकतो. गणपतीत कोकणात जायचा हट्ट होईल, पण त्या वर्षी तारखा तशा जुळत असतील तर नको. घाटातल्या बसमध्ये हे झालं तर काय कराल? विमानप्रवासही डॉक्टरांनी एक्स-रे बघून होकार देईपर्यंत नाही. महिना-दीड महिन्याने सीटी काढून लोब आक्रसला का ते बघतात.

खर्चाचं: व्हॉल्व्ह बाहेरून येतात आणि किंमत नगावर असते, त्यामुळे तीनच्या जागी पाच लागले तर बिल उड्या मारतं. अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात न्यूमोथोरॅक्स झाल्यास लागणारे जास्तीचे दिवस, आयसीयू, व्हॉल्व्ह काढणं आणि पुन्हा बसवणं हे सगळं धरलंय का बघा. विमा असेल तर मंजुरी आधी, लेखी. जमिनीबद्दल माझं मत विचारलंत तर, वर सांगितलेल्या तपासण्या होईपर्यंत सातबारा कपाटातच राहू द्या. या तपासण्यांचा खर्च व्हॉल्व्हच्या मानाने किरकोळ आहे, आणि विचारायला येणाऱ्यांपैकी बरेच जण त्यातच गळतात.

गळाले तर पुढे काय? फिशर अपुरं, पण एम्फिसीमा मुख्यतः वरच्या लोबमध्ये असेल तर फुफ्फुसाचा खराब भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया असते. २००३ साली आलेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात वरच्या लोबचा एम्फिसीमा आणि चालण्याची ताकद कमी, अशांना तिने फायदा झाला. त्यांचं आयुष्यही वाढलं. त्याच अभ्यासात फुफ्फुसं फारच थकलेल्या एका गटात महिनाभरात १६ टक्के दगावले, म्हणून निवड तिथेही तितकीच कडक. एखादी मोठी हवेची पोकळी असेल तर तीच काढतात. प्रत्यारोपण ६९ व्या वर्षी जवळजवळ नाहीच. बाकी राहतं ते रिहॅबिलिटेशन, नीट पोचणारी औषधं, योग्य तास ऑक्सिजन, गरज असेल त्याला बायपॅप, आणि दम लागला की चेहऱ्यावर हातातला छोटा पंखा. हा शेवटचा उपाय ऐकून लोक हसतात, पण श्वासाची कासाविशी त्याने कमी होते.

पुढच्या भेटीला येताना सीटीची सीडी आणा, फिल्म नको; फिल्मवरून फिशर मोजता येत नाही. नवीन तपासण्या सीओपीडीचा झटका ओसरून निदान सहा आठवडे झाल्यावरच करा. वडिलांना आता सर्दी-कफ वाढलेला असेल तर केबिनमधला आरव्ही फुगलेला येईल आणि सगळं पुन्हा करावं लागेल.